दोन साडूंची धावपट्टी

मी एक जुनी धावपट्टी आहे, मित्रांनो, आणि जन्मापासून वाकडी आहे. वाकडी म्हणजे मध्येच वळलेली नव्हे हं! तशी मी चांगली सरळ, लांब आणि ऐसपैस आहे. पण ज्या दिशेला मी झोपायला हवे होते, त्या दिशेला मला कुणी झोपवलेच नाही. ते कसे झाले, हे मी तुम्हांला सांगणार आहे. घाबरू नका, रडगाणे गाणार नाही. म्हातारपणी माझे उत्तम चालले आहे.

माझ्या जागी पूर्वी नुसता माळ होता. माळातून एक ओढा वाहत होता आणि मावळतीच्या डोंगरात एक खिंड होती. त्या खिंडीतून वर्षभर वारा यायचा. हवाई दलाला लढाऊ विमानांसाठी एक तळ हवा होता. तो याच माळावर का, असे विचाराल तर कारण सोपे आहे. त्या वेळचे एक वजनदार मंत्री इथले होते. आपल्या भागात रस्ते यावेत, दुकाने चालावीत, पोराबाळांना कामे मिळावीत, असे त्यांना वाटे. त्यात वाईट काही नव्हते. पुढच्या निवडणुकीत मते मिळावीत असेही वाटे, पण ते काही बोलून दाखवत नसत.

जागेची आखणी करायला एक अभियंता बाई आल्या. त्यांनी खांबावर पट्ट्यापट्ट्यांची एक कापडी पिशवी बांधली आणि कितीतरी महिने ती कोणत्या दिशेला फुगते ते पाहिले. माणसांत म्हणतात, वारा वाहील तशी पाठ द्यावी. विमानाचे याच्या अगदी उलट असते. उतरताना त्याला वाऱ्याला तोंड द्यावे लागते, तरच ते सावकाश आणि नीट टेकते. म्हणून बाईंनी खिंडीच्या रोखाने, ओढ्याच्या कडेकडेने खुंट्या ठोकल्या. त्या खुंट्यांच्या मधोमध माझी जागा होती.

आता इथे साडू आले.

ओढ्याच्या अलीकडचा मतदारसंघ मंत्र्यांचा आणि पलीकडचा त्यांच्या साडूंचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा मंत्री, धाकटीचा नवरा दुसऱ्याच पक्षाचा पुढारी. आपण त्यांना थोरले आणि धाकटे म्हणू. सभेत ते एकमेकांची सालटी काढत आणि रविवारी एकाच टेबलावर जेवायला बसत. त्यातून सरकार होते धाकट्यांच्या पक्षाच्या टेकूवर उभे. बाईंच्या खुंट्यांप्रमाणे मी अख्खीच्या अख्खी थोरल्यांच्या बाजूला पडत होते. धाकटे म्हणाले, असे असेल तर टेकू काढतो.

मग एका रविवारी जेवणे झाल्यावर नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला गेला. थोरल्यांनी बायकोचे लाटणे उचलले आणि धावपट्टी म्हणून नकाशावर ठेवले. धाकट्यांनी ते आपल्या बाजूला सरकवले. थोरल्यांनी पुन्हा ओढले. असे करता करता लाटणे ओढ्यावर आडवे झाले, अर्धे अलीकडे आणि अर्धे पलीकडे. दोघांनी हात मिळवले. मित्रांनो, माझा जन्म असा झाला. ही हकिकत थोरल्यांच्या ड्रायव्हरने रोडरोलर चालवणाऱ्याला सांगितली, आणि तो रोलर दिवसभर माझ्याच अंगावर फिरत असे. म्हणून मला ती तोंडपाठ आहे.

अभियंता बाईंनी स्पष्ट सांगितले की अशाने वारा कायम बाजूने मारेल आणि उतरणाऱ्याच्या जिवावर बेतेल. त्यांना उत्तर मिळाले की वारा काय, आज इकडून येतो, उद्या तिकडून येईल. बाईंनी आपल्या खुंट्या स्वतः उपटल्या आणि निघून गेल्या.

ओढा माझ्या पोटाखालून नळातून नेला. माझ्यावर खडी पसरली, डांबर ओतले, पांढरे पट्टे रंगवले. दोन टोकांना दोन फाटके झाली, दोन कोनशिला बसल्या, दोन फिती कापल्या गेल्या. दोन्हीकडे भाषणे एकाच वेळी चालू होती, त्यामुळे कुणालाच काही ऐकू आले नाही.

तरी ते दिवस सुखाचे होते, हे मी कबूल करते. रोज उजाडताना तळावरची सगळी माणसे माझ्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून उभी राहत आणि मान खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात. याला ती ‘वेचणी’ म्हणत. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचे. विमानाच्या इंजिनाने एवढासा खडा जरी गिळला तरी त्याचा जीव जातो. त्या रांगेत स्वयंपाकी असे, न्हावी असे आणि तळप्रमुखही असे. तांदूळ निवडावेत तशी मी रोज निवडली जात होते. एवढे लाड कुणाचे होतात?

वारा मात्र आपला हट्ट सोडीना. तो खिंडीतून यायचा तो थेट माझ्या बरगडीत. मग विमाने खेकड्यासारखी तिरकी येत. नाक वाऱ्याकडे, अंग माझ्याकडे. अगदी टेकता टेकता वैमानिक नाक सरळ करी. ते जमले की मी सुटकेचा नि:श्वास टाकी. इतर तळांवरचे वैमानिक म्हणू लागले की इथे जो उतरला तो कुठेही उतरेल. माझी कीर्ती झाली, पण मला तिचा आनंद वाटला नाही. माझी एकच इच्छा होती. माझ्या अंगावर कुणाचा जीव जाऊ नये.

हीच काळजी तळप्रमुखांना होती. त्यांनी तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञ म्हणाले की एक तर पट्टी वाऱ्याच्या दिशेने नवी बांधा, नाहीतर तळ बंद करून दूरच्या मोकळ्या मैदानात न्या. तळप्रमुख दोन्ही साडूंना भेटले. नवी पट्टी बांधावी तर ती सगळी थोरल्यांकडे जाते, म्हणून धाकटे अडून बसले. तळ हलवावा तर दोघांचेही नाक कापले जाते, म्हणून दोघेही अडून बसले. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण मला कुणी हात लावला नाही. निवडणूक आली की थोरले म्हणत, तळ मी आणला. धाकटे म्हणत, मी टिकवला. मग माझ्यावर डांबराचा एक नवा थर चढे, फाटकांना रंग लागे, कारंजे बसे. दिशा तेवढी बदलत नसे. कुणी वैमानिक कुरकुरला की थोरले हसून म्हणत, नाचता येईना अंगण वाकडे. मी गप्प पडून राही. काय करणार? अंगण खरेच वाकडे होते.

पुढे एक गोष्ट घडली. धाकटीचा मुलगा वैमानिक झाला आणि त्याची नेमणूक इथेच झाली. घरी त्याला सोन्या म्हणत. सहा फुटांचा गडी, पण आईच्या तोंडी सोन्याच. धाकटीचे घर कुंपणालगत होते. वारा सुटला की ती हातातले काम टाकून कुंपणाशी येई आणि विमान टेकेपर्यंत तार घट्ट धरून उभी राही. विमान थांबले की तारेचे वळ हातावर घेऊन घरी जाई. नवऱ्याला तिने एकदोनदा सांगून पाहिले. तो म्हणाला की अर्धी पट्टी सोडली तर लोक मला निवडून देणार नाहीत. 

तळाच्या वाढदिवसाला दरवर्षी विमानांच्या कसरती होत. त्या वर्षी सकाळी हवा शांत होती. दोन विमाने उडाली, त्यातले एक सोन्याचे. माझ्या कडेला मांडवात दोन्ही साडू, दोन्ही बहिणी आणि दोन्ही बाजूंचे लोक बसले होते. कसरती संपता संपता खिंडीतून वारा उसळला. दुसरा तळ लांब होता आणि तिथे जाण्याइतके इंधन उरले नव्हते. दोघांनाही माझ्यावरच उतरावे लागणार होते.

पहिले विमान कसेबसे उतरले. सोन्या आला, जमले नाही, पुन्हा वर गेला. परत आला, परत वर गेला. धाकटी उठून उभी राहिली होती. तिसऱ्या वेळी त्याची चाके मला लागली, आणि त्याच क्षणी वाऱ्याने एक पंख उचलला. मी माझे सगळे खरखरीत अंग त्या चाकांना दिले, मित्रांनो. धावपट्टीला एवढेच करता येते. तरी विमान माझ्या काठावरून घसरले, गवतात शिरले, गर्रकन फिरले आणि धुळीत दिसेनासे झाले.

धूळ बसली तेव्हा सोन्या विमानातून उतरत होता. खांदा निखळला होता, पण तो आपल्या पायांवर उभा होता. धाकटी चपला हातात घेऊन माझ्यावरून धावत गेली. मागून थोरली, त्यांच्यामागे साडू. आईने मुलाला चाचपून पाहिले, डोक्यापासून पायापर्यंत. मग ती मटकन खाली बसली आणि रडली.

थोरले धीर द्यायला पुढे झाले. म्हणाले, “रडू नका. देवाच्या कृपेनं वाचला. वारा काय कुणाच्या हातात असतो?”

धाकटीने डोळे पुसले.

“वारा हातात नव्हता, भाऊजी,” ती म्हणाली. “पण पट्टी होती. तुम्हा दोघांच्या हातात होती. माझं पोर वरून बघत होतं तेव्हा त्याला कुणाचा मतदारसंघ दिसत नव्हता. त्याला फक्त खाली यायचं होतं.”

मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, सगळी पट्टी ताईच्या दारात जाऊ दे. तुम्ही पडलात तर पडलात. घरी बसा. दोन वेळचं जेवायला मी घालीन.”

हे ऐकायला माझ्याखेरीज फार कुणी नव्हते. पण धाकटे तसेच चालत मांडवात गेले. तिथे ध्वनिक्षेपक चालू होता आणि त्यांची माणसे समोर बसली होती. ते म्हणाले, “नवी पट्टी वाऱ्याच्या दिशेनं होऊ द्या. सगळी साडूंच्या बाजूला गेली तरी माझी हरकत नाही. इतकी वर्षं अडवली ती मीच.”

लोकांत कुजबुज झाली, टाळ्या काही पडल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग थोरले आले. ध्वनिक्षेपक हातात आला की ते तासभर सोडत नसत. त्या दिवशी मात्र ते एवढेच म्हणाले की अडवणारा एकटा नव्हता, आणि धाकट्यांच्या बाजूचे फाटक व तिथली कामे आहेत तशीच राहतील, हा माझा शब्द. तो शब्द त्यांनी पाळलाही. धाकटे पुढच्या निवडणुकीत सपाटून पडले, हेही सांगायला हवे. खरे बोलण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

नवी पट्टी बांधायला दोन उन्हाळे गेले. मला ती धाकट्या बहिणीसारखी वाटते. काँक्रीटची आहे, गोरीपान, आणि खिंडीकडे तोंड करून कशी ऐटीत झोपली आहे! लोक मला विचारतील, तुला हेवा नाही वाटला? खरे सांगू, थोडा वाटला. पहाटेची वेचणी आता तिची होते. माझ्या फटींत गवत उगवते. पण रविवारी तळावरची मुले माझ्यावर सायकल शिकतात. सायकलीला वारा कुठूनही आला तरी चालतो, आणि पडलेच तर गुडघा खरचटण्यापलीकडे काही होत नाही.

नव्या पट्टीवर पहिले विमान उतरायचे होते तो दिवस मला स्पष्ट आठवतो. विमान सोन्याच चालवत होता. खिंडीतून वारा भणाणत होता, अगदी त्या दिवसासारखा. दोन्ही बहिणी कुंपणाशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. धाकटे लोकांत उभे होते, साध्या माणसासारखे. थोरले त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मी सवयीने अंग आखडून घेतले. विमान आले. नाक सरळ, पंख सपाट, घाई नाही, गडबड नाही. दारातून घरात यावे तसे ते आले आणि टेकले.

धाकटीला ते दिसलेच नाही. ती थोरलीशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिने मान वर करून विचारले, “उतरला का?”

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात नकाशा येईल. त्यावर रेघ ओढायची पाळी येईल, मग ती रस्त्याची असो, शाळेची असो की धावपट्टीची. आपली बाजू कुठली, हे विचारायला तुम्हांला कुणी शिकवावे लागणार नाही. तेवढे आधी बाजूला ठेवा आणि तिथे कोण उतरणार आहे, त्याला विचारा. त्याच्या आईला निवांतपणे दुसरीकडे बघत बसता यावे, एवढी काळजी घ्या.