चार नंबरची दुरुस्ती

पाणीपुरवठ्याच्या विधेयकाला चार दुरुस्त्या आल्या होत्या. तीन ज्याच्या त्याने मागे घेतल्या. चौथी नगरपालिकेतून वर आलेल्या एका आमदारांची. त्यांचं म्हणणं एवढंच, की नगरपालिकांचं पाणी राज्याच्या मंडळाकडे जायचं तर जाऊ दे, पण पाणी सोडणाऱ्या जुन्या माणसांना वर्षभर तरी काढू नका. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की चढावरच्या घरांना पाणी पोचतं, हे नकाशात नाही, त्यांच्या हातात आहे. अठरा वर्षं नगरसेवक राहिलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. मंत्र्यांना नव्हतं.

पक्षाची मतं राखणारा प्रतोद शेजारी येऊन टेकला.

"दादा, चला, चहा घेऊ."

"माझा विषय आहे."

"विषय कुठे पळून जातोय? तिकीट मात्र जाईल."

"जाऊ दे. उभं राहून राहून पाय दुखलेत."

प्रतोद हसला नाही. उठून गेला.

नाव पुकारताना सदस्य जागेवर नसेल तर दुरुस्ती पडते. आमदार हे चहा पिऊन शिकले होते. नगरपालिकेत पहिल्याच वर्षी ते सभेतून पाच मिनिटं बाहेर गेले आणि त्यांच्या गल्लीचं गटार दुसऱ्या गल्लीत गेलं. तेव्हा बायकोने चांगलं झापलं होतं. "अहो, विषय येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. तहान लागली तर थुंकी गिळा!"

ती जाऊन आठ महिने झाले होते.

मंत्र्यांचं भाषण संपत आलं, तोच शिपायाने चिठ्ठी आणून दिली. 'घरून फोन. तातडीचा.'

आमदार ताडकन उठले. सभा चालू असताना ती कधी फोन करत नसे. केला म्हणजे तसंच काही असणार. चार पावलं टाकलीसुद्धा. दाराशी प्रतोद उभा होता, दार उघडून धरून.

तिथेच ते थबकले. घरी कोण होतं फोन करायला? सकाळी कुलूप त्यांनीच लावलं होतं. किल्ली खिशात होती.

"दुरुस्ती क्रमांक चार," मागून अध्यक्षांचा आवाज आला. "सदस्य जागेवर आहेत का?"

ते वळले. घाईत बाकाचा कोपरा मांडीत रुतला.

"आहे! जागेवर आहे."

"मांडता की मागे घेता?"

"मांडतो."

पहिली ओळ त्यांनी पुटपुटल्यासारखी वाचली.

"मोठ्याने वाचा!" समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.