हद्दीअलीकडचं तिकीट

मित्रांनो, मी एक जुनी खासगी बस आहे. धार ते महाराष्ट्राची हद्द, एवढाच माझा रस्ता. इंदूरच्या एका कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला, तेव्हा मी निळीशार होते. आता माझा रंग कोणता, हे मालकालाही धड सांगता येणार नाही.

पहिली वर्षं मी देवासकडे धावले. तिथल्या पीपलरावां गावच्या वऱ्हाडांना मीच हवी असायची. लोहारदा गावची पोरं माझा हॉर्न ऐकून रस्त्यावर यायची. मग नव्या गाड्या आल्या आणि मला धारच्या मालकाला विकून टाकलं. तेव्हापासून मला कुणी धुतलं असेल तर पावसानेच.

आमच्या भागातली सरकारी बस कधीच बंद पडली. म्हातारा असो की तरुण, माझ्यात चढला की तिकीट लागतंच. घाट उतरून हद्दीपलीकडे गेलं, की लाल सरकारी गाडीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना पैसे पडत नाहीत. हे मला ठाऊक होतं. इंदिराबाईंना ठाऊक नव्हतं.

इंदिराबाई शिरपूरच्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई धारला असायच्या. पार्वतीबाईंना मी ओळखत होते. नवरा गेलेला, मुलगा पीयूष पीथमपूरच्या कारखान्यात कंत्राटावर. त्या पिशवी घेऊन स्टँडवर यायच्या आणि माझ्या कंडक्टरला, अंशुलला विचारायच्या, "भिया, बॉर्डर तक का किराया कित्ता हुआ?" तो सांगायचा. त्या कनवटीचे पैसे मोजायच्या. "बरं, पुढच्या खेपेला बघू," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि घरी परतायच्या. एकदा त्यांच्या पिशवीत बहिणीसाठी केलेले डिंकाचे लाडूही होते. तेही तसेच परत गेले.

यंदा चैत्रात हद्दीवर इंदिराबाई चढल्या. हातात एक पिशवी. पार्वतीबाई दवाखान्यात आहेत, असा निरोप आला होता. शेजारच्या बाईला त्या सांगू लागल्या, "माझ्याहून लहान आहे ती. इतक्या वर्षांत एकदा आली नाही. म्हाताऱ्यांना गाडी फुकट, मग यायला काय झालं होतं? विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. शेवटी मी फोन करायचंच सोडलं."

अंशुल आला. इंदिराबाईंनी आधार कार्ड पुढे केलं.

"अम्मा, ये उधर का कायदा है. इधर टिकट लगेगा."

"अरे, मी ऐंशीची आहे."

"सौ की हो जाओ तो भी लगेगा."

"आणि इकडच्या म्हाताऱ्यांना?"

"उनको भी. यहां सबको लगता है."

इंदिराबाईंचा हात कार्डासकट तसाच हवेत राहिला. त्या पुटपुटल्या, "म्हणून येत नव्हती होय गं."

कनवटीला होतं ते धामनोदपर्यंतच पुरलं. अंशुल वाईट मुलगा नव्हे. पण मालकाचा माणूस वाटेत कुठेही तपासायला चढतो, आणि मागच्याच महिन्यात एका कंडक्टरची नोकरी गेली होती. धामनोदला त्याने त्यांना हात धरून उतरवलं. भर दुपारी, ट्रकांच्या धुरळ्यात, त्या एका ढाब्याच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पुढे निघाले. मित्रांनो, आम्हा गाड्यांना थांबायचं की नाही, हे ठरवता येत नाही.

पुढचं मला पार्वतीबाईंच्या तेराव्यानंतर कळलं. पीयूष मावशीला हद्दीपर्यंत सोडायला निघाला होता. दोघं माझ्याच बाकावर बसले. अंशुलने दोन तिकिटं फाडली. रोज इतके चेहरे. त्याने इंदिराबाईंना ओळखलंही नाही.

"मावशी, ढाब्यावरून तुमचा फोन आला तेव्हा मी आईजवळच होतो. लगेच निघालो असतो, पर डॉक्टर बोले, कहीं मत जाओ. ती सारखी विचारत होती, अक्का रागावली का? मैं धामनोद पहुंचा तब तक आई जा चुकी थी."

"मला फक्त एवढंच सांगायचं होतं रे तिला," इंदिराबाई म्हणाल्या, "की मला ठाऊक नव्हतं."

"तिने मलाही कधी सांगितलं नाही. मी विचारायचो, आई, मावशीकडे जायचं? तर म्हणायची, मला कुठं जायचंय. मला ते खरंच वाटायचं."

इंदिराबाईंनी त्याला दोष दिला नाही आणि जवळही घेतलं नाही. हद्दीवर त्या उतरल्या. पलीकडे लाल गाडी उभी होती. तिथल्या कंडक्टरने कार्ड पाहिलं आणि बसायला जागा करून दिली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, उद्या-परवा मी भंगारात जाईन. त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागते. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "मला कुठं जायचंय" असं म्हणालं, तर ते लगेच खरं मानू नका. जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.