कोपणारी उशी

उशीबाबांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो पांढरी उशी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून उभा! "आत सात शिखरांवरच्या हंसांची पिसं आहेत!" बाबा गरजले. "हाडं जुळतील, शिरा मोकळ्या होतील. पण नियम मोडलात, तर उशी कोपेल!"

मी गाद्या-उशा शिवणारा माणूस. हंसांची पिसं ऐकून मला हसूच फुटलं. बायकोने कोपराने ढोसलं. चमत्कार झाला होता तो तिच्यावरच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने काठी सुटत नव्हती, आणि उशी आल्यावर तीन आठवड्यांत बाई जिना चढली. गल्ली थक्क!

नियम असे: नऊ तास निजायचं. संध्याकाळनंतर चहा नाही, उशाशी मोबाइल नाही. निजलेल्याला हाक मारायची नाही आणि दुसऱ्याने उशीला हात लावायचा नाही. कोपाच्या धाकाने माझी आई पहाटेचा चहा करू लागली, लेक डबे भरू लागली. मीसुद्धा माझे मोजे स्वतः शोधले.

इथवर ठीक होतं. पण त्या दिवशी बाबांनी माझ्या बायकोला फर्मावलं, "ताई, रक्तदाबाच्या गोळ्या फेका. उशी सांभाळेल." तिने लगेच पर्समधून पाकीट काढलं. माझं धाबं दणाणलं. मी उशी हिसकावली, अभ्रा ओढला, आणि बघतो तर काय, कोपऱ्यावर माझीच दुहेरी गाठ!

"अहो, ही मी शिवलीय! गेल्या उन्हाळ्यात पाचशे नेल्या होत्या तुमच्या माणसाने!" शिवण टराटरा उसवली. आतून जुन्या गाद्यांचा कापूस निघाला.

"पापी हात लागला, म्हणून पिसांचा कापूस झाला!" बाबा किंचाळले.

"आणि गाठ काय हंसाने मारली?"

मंडप खदखदला. पण बायको हसली नाही. "मग माझा गुडघा कसा बरा झाला?"

एवढ्यात तिच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. गोळ्या सोडलेल्या एका पेशंटला शोधत त्या इथवर पोचल्या होत्या. "ऑपरेशन नीट झालं होतं, व्यायामही करत होतात. आधी झोपायचात किती?"

"पाचेक तास. सगळ्यांच्या शेवटी पडायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं."

"मग बरं कसं वाटणार? शरीराची बरीचशी डागडुजी झोपेत होते. मोठ्या माणसाला निदान सात तास हवेत, आजारपणात आणखी. ते तुम्हाला आत्ता कुठे मिळाले. उशीचं यात काही नाही. आणि त्या गोळ्या परत पर्समध्ये ठेवा."

बायकोने गोळ्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे घरात मला झोपू द्यायला तुम्हाला बाबाचा धाक लागला."

लाज वाटली हो. बाबाची लबाडी मी भर मंडपात उसवली, पण वीस वर्षं पहाटे तिला हाका मारणारा मीच होतो.

आता आमच्याकडे साधी उशी आहे. ती कोपत नाही, तरी पहाटेचा चहा मीच करतो. तुमच्याही घरात असं शेवटी निजणारं, आधी उठणारं कुणी असेल. त्यासाठी चमत्काराची वाट बघू नका. त्यांना झोपू द्या.