प्रोफेसर चिपांडेंनी काढलेली गाठ

तळ्याकाठच्या न्खोताकोटा गावच्या बाजारात त्या सकाळी मासळीला कुणी विचारत नव्हतं. सगळे प्रोफेसर चिपांडेंच्या चटईभोवती गोळा झाले होते. चटईवर एक बाई उताणी, प्रोफेसरांची बोटं तिच्या पोटात रुतलेली, आणि सुरीचा पत्ता नाही! बोटांखालून लाल ओघळ आला, मागोमाग एक गोळा. टाळ्याच टाळ्या!

"ना टाका, ना भूल!" प्रोफेसर गरजले. "विभागीय शल्यचिकित्सक संघाचा सभासद आहे मी! फी फक्त एक कोंबडी!"

गर्दीतल्या तियामिकेच्या अंगाचा तिळपापड झाला. सरकारी दवाखान्यातली ही डॉक्टर त्याच संघाच्या परीक्षेसाठी पाच वर्षं घासत होती. पूर्वी सर्जन व्हायला परदेशी जावं लागे, आणि गेलेला सहसा परतत नसे. संघाने शिक्षणच इथल्या दवाखान्यांत आणलं. परीक्षा घ्यायला शेजारदेशांतले सर्जन येतात, ओळखपाळख चालत नाही. आणि हा बाबा म्हणे सभासद!

पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो रांगेकडे बघून. पुढचा नंबर तिच्या होडीवाल्या लुफेयो मामांचा होता, काखेत कोंबडीसकट. मामांचा हर्निया दोनदा अडकून सुटला होता. तिसऱ्यांदा अडकून सुटला नाही तर आतडं सडणार. शिवाय मामा आईच्या घराण्याचे कर्ते, ते जिथे जातील तिथे सगळं गोत जाणार.

"मामा, उद्या तुमचं ऑपरेशन ठरलंय ना?"

"तू कापणार. हे न कापता काढतात. शिकून घे जरा."

"घेते की!" ती पुढे झाली. "प्रोफेसर, आपल्या संघाची शिस्त तुम्हाला ठाऊकच असेल. अंगातून निघालेली गाठ उघडून बघायची, मग वहीत लिहायची. उघडा ना."

"छे! उजेड लागला तर रोग उडून तुम्हालाच चिकटेल!"

"मग मघापासून काय अंधारात धरलीय?" एक कोळीण म्हणाली.

"सभासद आहात, तर कापा," मामाही बोलले.

कोळणीने सुरी दिली, तियामिकेने गोळा चिरला. आतून मक्याचे दाणे आणि खडे सांडले.

"अगं बाई, हा तर कोंबडीचा पोटा! मेल्याने धुतलासुद्धा नाही!" कोळीण ओरडली.

बाजार खो खो हसला. जेवणावळीत पोटा, म्हणजे कोंबडीची दाणे दळायची पिशवी, घरच्या कर्त्याच्या पानात पडायचा. चाळीस वर्षं तो खाणारे मामा कडाडले, "माझ्या मानाचा पोटा तिच्या पोटात कसा गेला?"

तियामिकेने प्रोफेसरांचा टॉवेल झटकला. लाल रंगात भिजलेला स्पंज पडला, आणखी दोन पोटे पडले. बोटं दुमडून दाबली की ती मांसात शिरल्यासारखी दिसतात. एका रोग्याची कोंबडी दुसऱ्याच्या पोटातून निघत होती! तिने बाईचं पोट पुसलं, साधा ओरखडाही नव्हता. प्रोफेसरांनी तोवर सायकल टॅक्सी गाठली होती.

"मग माझी गाठ?" ती बाई रडवेली झाली.

"असेल तर आतच आहे, मावशी. आत्ताच चला, तपासते."

मामा घुटमळले. "माझ्यातून तू काय काढशील?"

"काहीच नाही. आतडं आत सारून पोटाची भिंत शिवेन."

"मग खरं कशावरून मानायचं?"

"तीन महिन्यांनी होडी ओढाल ना, त्यावरून."

ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी मामांनी होडी ओढली, आणि पाठोपाठ घराण्यातले चौघे दवाखान्यात आले.

तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "उघडून दाखवा." भोंदू चिडेल, शाप देईल. खरा डॉक्टर मात्र चिडणार नाही, कारण तो शिकलेलाच असतो आपलं काम दुसऱ्यांना उघडून दाखवत.