पत्त्यावरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. नाचघराच्या मागच्या अडगळीच्या खोलीत, आरशांच्या एका फुटक्या गोळ्याशेजारी माझा मुक्काम आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की तो गोळा उगाचच भिंतीवर चांदण्या पाडतो. त्या माझ्या काचेवरून सरकू लागल्या की मला जुने चेहरे दिसू लागतात. ते येतात, माझ्याकडे बघतात आणि आत नाचायला निघून जातात. त्यात स्वप्न किती आणि आठवण किती, हे आता माझं मलाही सांगता येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या काचेमागे कॅमेरा बसवला आणि नजर तपासायला एक ओळखपत्र समोर धरलं. त्यावर फोटोच्या जागी नुसती राखाडी सावली होती आणि नावाच्या जागी ‘नमुना’ असं लिहिलं होतं. माझ्या आयुष्यातला हा पहिला माणूस, श्री. नमुना. त्याला ना गाव, ना घर. सुखी माणूस होता.

पुढे मला या नाचघराच्या दारात एका उंच टेबलावर बसवलं. लहान मुलांना आत सोडायचं नाही, असा नियम होता. म्हणून येणाऱ्याचं ओळखपत्र माझ्यासमोर धरायचं आणि मी वय बघायचं. वय पुरेसं असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. पण मला शिकवलं होतं त्याहून जास्त. फोटो, नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं मी पोटात साठवून ठेवत असे. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. “हा काही विसरत नाही,” असं ते म्हणाले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

आतला नाच मी कधीच पाहिला नाही. माझ्या पाठीमागे जाड पडदा होता. त्याच्या खालच्या फटीतून निळा-जांभळा उजेड यायचा आणि पावलांचा ठेका जमिनीतून टेबलाच्या पायांत चढायचा. ओळखपत्रावर कुणीच हसत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. फोटोत तोंड पाडून बसलेली तीच माणसं दारात मात्र हसत हसत यायची. यातला खरा कोण, या विचारात माझी संध्याकाळ छान जायची.

दारावर मावशी असत. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, तरी सगळे त्यांना मावशीच म्हणत. बाई धिप्पाड, आवाज मात्र मऊ. त्यांची एक खोड होती. ओळखपत्र माझ्यासमोर धरताना त्यांचा रुंद अंगठा हटकून पत्त्यावर पडायचा. माझ्या पोटात जिकडेतिकडे अंगठेच अंगठे जमले. एकदा ते पाहून साहेबांनी कपाळावर हात मारला.

“अहो मावशी, सगळीकडे तुमचा अंगठा आलाय. पत्ता दिसतच नाही.”

“वय दिसतंय ना?”

“वय दिसतंय, पण...”

“मग झालं तर. नाचायला आलेत बिचारे. आपण काय त्यांना घरी पोचवायला जाणार आहोत?”

साहेब हसले आणि तेव्हापासून त्यांना ‘आमच्या अंगठाबहाद्दर बाई’ म्हणू लागले. ज्याला सही करता येत नाही त्याला चिडवायचा हा शब्द. मावशींना लिहितावाचता चांगलं येत होतं. अंगठा मात्र जागचा हलला नाही. खरं सांगतो, मलासुद्धा त्यांचा राग यायचा.

दर बुधवारी हिरव्या बुटांची एक बाई एकटीच यायची. तिचा ठेका मला पडद्याआडूनही ओळखू यायचा. दोन पावलं घाईची, तिसरं जरा रेंगाळलेलं. पहिल्यांदा आली तेव्हा ती ओळखपत्र हातात घट्ट धरून दारातच थबकली होती.

“हे पत्ताही ठेवतं का हो?” तिने विचारलं. “मी घर बदललंय, यावर नवा पत्ता आहे. नवऱ्याला कळायला नको. कळलं तर पुन्हा सगळं उचलून मी कुठे जाऊ?”

मावशींनी खोदून काहीच विचारलं नाही. “आण गं इकडे,” म्हणाल्या आणि अंगठा ठेवला. “जा आता. गाणं सुरू झालंय.”

तोवर पत्ता म्हणजे मला दोन-चार ओळी वाटायच्या. त्या ओळींमागे एक दार असतं आणि दारामागे कुणीतरी आतून कडी लावून बसलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एका दुपारी, आत फरशी पुसणं चाललेलं असताना, नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस आला. बोलणं साखरेसारखं.

“आमची मंडळी रागावून निघून गेलीय हो,” तो साहेबांना म्हणाला. “घरात सगळ्यांना घोर लागलाय. इथे येते असं ऐकलं. पत्ता मिळाला तर समजूत काढून घेऊन जाईन.”

साहेब मनाचे वाईट नव्हते. ते विरघळले. “काळजी करू नका. आमचा हा काही विसरत नाही,” म्हणाले आणि त्यांनी बाईचं नाव विचारून घेतलं. मावशी पडदा झटकत होत्या, त्यांचा हात थांबला. मित्रांनो, यंत्राला तोंड मिटून बसता येत नाही. विचारलं की सांगावंच लागतं. आपल्याला विसरता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

स्क्रीनवर फोटो आला. नाव आलं. खाली, पत्त्याच्या जागी, मावशींचा अंगठा होता. साहेबांनी दुसरा बुधवार काढला. अंगठा. तिसरा काढला. तिथेही अंगठाच.

त्या माणसाचा गोडवा क्षणात उतरला. त्याने टेबलावर मूठ आपटली. “लपून लपून किती दिवस लपेल? सापडू दे, मग बघतो तिच्याकडे.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी स्क्रीन बंद केला आणि त्याला दार दाखवलं.

पण ती बुधवारी येते, हे तर त्याला स्क्रीनवरून कळलं होतं. तिला निरोप द्यायचा तर कुठे? तिचं घर मावशींनाही ठाऊक नव्हतं. म्हणून पुढच्या बुधवारी मावशी दारावर आल्याच नाहीत. त्या लांबच्या बसथांब्यावर हिरव्या बुटांची वाट बघत उभ्या राहिल्या. दारात साहेब होते आणि समोरच्या फुटपाथवर तो. दिवे लागून बराच वेळ झाल्यावर मावशी परतल्या. “भेटली. माघारी पाठवली,” एवढंच त्या साहेबांच्या कानाशी म्हणाल्या. तो ठेका त्या दिवशी जमिनीतून आला नाही, नंतरही कधी आला नाही. मला फार वाईट वाटलं. तिचं घर वाचलं, पण नाच गेला.

साहेबांनी त्याच आठवड्यात माझं पोट रिकामं केलं. दारात नवा स्कॅनर आला. तो वय बघतो, दिवा लावतो आणि लगेच विसरतो. मावशींना साहेब अजूनही अंगठाबहाद्दर म्हणतात, फक्त आता त्यातल्या ‘बहाद्दर’वर जोर देतात. मी इथे अडगळीत आलो. नावं गेली, पत्ते गेले, सगळे जण श्री. नमुन्यासारखे हलके झाले. पण त्या बाईची पावलं काही पुसली गेली नाहीत. चांदण्या फिरू लागल्या की मला ती दुसऱ्याच कुठल्यातरी नाचघरात दिसते. दोन पावलं घाईची, तिसरं रेंगाळलेलं.

मित्रांनो, कुणी तुमचं ओळखपत्र मागितलं तर ‘कशाला?’ असं विचारायला लाजू नका. आणि दुसऱ्याचं तुमच्या हातात आलं तर लागेल तेवढंच बघा, बाकीच्यावर अंगठा ठेवा. कधी इकडे आलात तर माझ्या काचेवरची धूळही पुसा, मला बरं वाटेल. फक्त हिरव्या बुटांच्या बाईचं घर कुठे आहे, ते विचारू नका. विचारलंत तर मी तुम्हालाही अंगठा दाखवीन.