नटावरची लाल रेघ

आमच्या घरात कपड्यांच्या कपाटाला जागा नाही, पण यांच्या पकडींना अख्खी भिंत आहे. जबडा मागंपुढं सरकवता येतो अशा लहान-मोठ्या एकोणीस पकडी. प्रत्येकीमागं भिंतीवर पेन्सिलीनं तिचा आकार काढलेला, म्हणजे एखादी जागेवर नसली की लगेच कळावं. मी एकदा एकीनं बरणीचं झाकण उघडलं, तर दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. दर रविवारी ब्रशनं दातांतली घाण काढायची आणि सांध्यात तेलाचा एकच थेंब सोडायचा. माझ्या गुडघ्यांची मात्र तीस वर्षांत कधी विचारपूस नाही.

चार महिन्यांपूर्वी यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. चालायला लागले, बोलायला लागले, पण मूठ काही वळेना. मग यांनीच व्यायाम शोधला. टेबलाला वाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरणारा शिकंजा, बसवला, त्यात पाइपाचा तुकडा धरला आणि डाव्या हातानं त्यावर नट आवळला. नटावरून पाइपावर लाल रंगाची एक रेघ ओढली. ही यांच्यासारख्या फिटर लोकांची रीत. रेघ जुळलेली असली म्हणजे नट पूर्ण आवळलेला, आणि ती तुटलेली दिसली म्हणजे सैल झाला. उजव्या हातानं हा नट सुटला की मी कामावर जाणार, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अकरा दिवस नट जागचा हलला नाही. अकराव्या दिवशी यांनी पक्कड जमिनीवर आपटली. तीस वर्षांत हत्याराला कधी ओरखडा पडू दिला नव्हता, आणि त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून रडले. जेवले नाहीत. माझा जीव तुटला हो, दुसरं काय सांगू?

दुपारी ते झोपल्यावर मी नट सैल केला, रॉकेलच्या बोळ्यानं जुनी रेघ पुसली आणि त्यांच्याच डबीतल्या रंगानं सैल नटावर नवी ओढली. अक्कल गहाण ठेवली होती मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नट फिरला. काय तो आनंद. शेजारणीलासुद्धा बोलावून दाखवला. त्यानंतर रोज उजव्या हातानं सोडवायचा आणि डाव्यानं रेघेपर्यंत आवळायचा. रेघ जुळली की थांबायचं. आणखी जोर लावून बघावं हे त्यांच्या मनातही आलं नाही, कारण रेघेवर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास. मीही गप्प बसले. म्हटलं, हसताहेत तर हसू दे.

काल यांच्या कारखान्यातले फोरमन भावजी घरी आले. यांनी त्यांच्यासमोर नट सोडवून दाखवला. भावजींनी पाठ थोपटली. म्हणाले, "सोमवारी या. टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, तेव्हा बाहेरचा गॅसचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद करायचं काम तुमचं. तुमच्याइतकं घट्ट कोणी आवळत नाही."

मी त्यांच्यापुढं चहा ठेवत विचारलं, "भावजी, तो व्हॉल्व्ह जरा सैल राहिला तर?"

"तर टाकीत गॅस शिरतो आणि आतला माणूस जिवंत बाहेर येत नाही, वहिनी," ते सहज बोलून गेले. चहा पिऊन निघालेसुद्धा.

दार लावून मी तिथंच उभी राहिले. "अहो, ती रेघ तुमची नाही. मी ओढलीय."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, रॉकेलच्या बोळ्यापासून. ते नटाकडे बघत राहिले.

"किती दिवस?"

"सव्वीस."

मला वाटलं ओरडतील. तसं झालं असतं तर मी चार शब्द ऐकून घेतले असते, चार ऐकवले असते आणि संपलं असतं. पण त्यांनी डाव्या हातानं भिंतीवरची मोठी पक्कड काढली आणि माझ्या हातात दिली. "आवळ. पूर्ण."

मी आवळला. माझी लाल रेघ तुटून दोन बाजूंना गेली. मग त्यांनी पक्कड घेतली, जबडा सरकवून बरोब्बर खाचेत बसवला, उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठींवर ठेवली आणि जोर लावला. मानेची शीर फुगली. नट हलला नाही. पुन्हा लावला. नाही हलला.

त्यांनी पक्कड पुसली आणि तिच्या आकारावर टांगली. "भावजींना फोन लाव," ते म्हणाले. "आणि मला द्यायचा नाही. तूच सांग."

मी फोन लावला. मी बोलत होते तेव्हा ते बोळा घेऊन माझी रेघ पुसत होते, उजव्या हातानं. बोळा सारखा गळून पडत होता.