दुप्पट वेगाने ऐकलेली मैत्रीण

दार्काला जिवाभावाची मैत्रीण एकच, आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला. इसोबेल केप ब्रेटनला समुद्राकाठी, दार्का सस्कॅचवानच्या गव्हाच्या सपाट मुलखात. कॉलेजात दोघी एका खोलीत राहिलेल्या. पुढे दार्काच्या पदरात नवरा, तीन मुलगे आणि तिघांचं हॉकी पडलं. इसोबेलच्या पदरात एकच लेक, एफी. तिचा बाप कधीच पसार झालेला.

फोनची वेळ जुळेना, म्हणून दोघी व्हॉइस मेसेज पाठवू लागल्या. इसोबेल बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. दार्का ते मुलांना हॉकीच्या रिंकवर सोडताना गाडीत ऐके. आधी नीट ऐके, मग दुप्पट वेगाने, आणि पुढे पुढे तर न ऐकताच खाली लाल बदाम टाकून मोकळी होई. वर गावातल्या बायकांना नाकाने कांदे सोलून सांगे, "मैत्री टिकवावी लागते. मी तर रोज वेळ काढते." बायकांना ते पटे. दार्काला तर फारच पटे.

इसोबेलला कॅन्सर झाल्याचा मेसेज तिने पूर्ण ऐकला होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ऐकून रडली, लोकरीचे मोजेही पाठवले. पण आजारी माणूस जास्तच बोलतं, आणि तेव्हा नेमके मोठ्याचे सामने चालू होते.

मार्चमध्ये इसोबेलने सरळ फोनच केला. दार्का पेरोगीच्या उकडलेल्या करंज्यांसाठी पीठ मळत होती.

"दार्के, तू हो म्हणालीस आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. वकिलाकडे जाऊन आले. मी गेले की एफी तुझ्याकडे."

दार्काचे हात पिठातच थांबले. कुठल्यातरी मेसेजमध्ये इसोबेलने विचारलं असणार, आणि त्याच्याखाली बदाम पडला असणार.

"मोरॅग तिला न्यायला तयार होती," इसोबेल दम खात म्हणाली. "सख्खी बहीण, तरी तिला नाही म्हटलं. रागावलीय. म्हटलं, दार्का माझ्या पोरीला आतून-बाहेरून ओळखते. वर्षभर तेच तर सांगतेय ना तुला?"

खरं बोलायला एवढीच वेळ होती, आणि एक वाक्य पुरलं असतं.

"वेडी आहेस का तू," दार्का म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खोटं होतं ते. आपण ऐकत नव्हतो हे कबूल करायची तिला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

जेवताना तिने नवऱ्याला, ओरेस्टला, सांगितलं. तो म्हणाला, "झोपवणार कुठे तिला? माझ्या डोक्यावर?"

"बरी होईल रे इसोबेल."

"आणि नाही झाली तर?"

"मग मोरॅग आहे की. तिला समजावेन मी."

साठलेले मेसेज शनिवारी बसून ऐकायचं तिने ठरवलं. शनिवारी मधल्याचा सामना निघाला. मग ते राहिलंच.

मे महिन्यात इसोबेल गेली. दार्का विमानाने गेली. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि अंड्याची सँडविचं होती. म्हाताऱ्या बायका एकेक करून तिचा हात धरत म्हणत, "तूच ना ती दार्का? तुझ्या नावावर जगली हो ती." अशा दिवशीही दार्काला ते ऐकून गोड वाटलं.

मोरॅगला कोपऱ्यात गाठावं म्हणून ती उठणार, तोच नऊ वर्षांची एफी बॅग घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. दार्काने तिच्या बशीत सँडविच ठेवलं. "खा गं बाळ."

"मला अंडं चालत नाही," एफी म्हणाली. "अंगाला सूज येते. आईने सांगितलं होतं तुम्हाला."

"हो गं, आज डोकंच ठिकाणावर नाही माझं."

पोरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मीही एकदा बोलले होते आईच्या फोनवरून. गाणं म्हटलं होतं तुमच्यासाठी. आवडलं का?"

"किती गोड गायलीस! दोनदा ऐकलं मी."

"मी गाणं नव्हतं म्हटलं," एफी हळूच म्हणाली. "आई रडत होती. मी म्हटलं होतं, दार्का मावशी, तुम्ही या."

एफी उठली आणि मोरॅगकडे गेली. "मावशी, मी तुझ्याकडे राहू?"

मोरॅगचा चेहरा पडला. "आता कुठे राहतेस, राणी? तुझ्या आईने मला नको म्हटलं, म्हणून घर दिलं मी भाड्याने. सोमवारी अल्बर्टाला चाललेय, तेलखाणीच्या कँपवर कामाला. तिथे पोरं नेऊ देत नाहीत." मग ती दार्काकडे वळली. "आणि हो म्हणणारी ही बसलीय ना इथे?"

हॉलमधल्या सगळ्या बायका बघत होत्या, म्हणून दार्काने पोरीला पोटाशी धरलं. एफीने नुसतं धरू दिलं, मग आपली बॅग उचलली. विमानतळावर जाताना ती एवढंच म्हणाली, "मला न्यायचंच आहे तर न्या. पण मी तुमच्याशी बोलणार नाही. उपयोग नाही ना काही."

त्याला आता दीड वर्ष झालं. एफी मुलांच्या खोलीच्या खालच्या तळघरात झोपते, भांडी विसळते, शाळेत म्हणे भरपूर बोलते. ओरेस्टशीही दोन शब्द बोलते. गावात दार्काचं कौतुक होतं.

संध्याकाळी मुलगे ओरेस्टबरोबर रिंकवर गेले की घरात दोघीच उरतात. जेवताना दार्का फोन बाजूला ठेवते, खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, "बोल ना गं काहीतरी. मी ऐकतेय."

एफी मान वर करते, तिच्याकडे नीट बघून घेते, आणि पुन्हा जेवायला लागते.